दहा राग, डिस्को बीट आणि न खपलेली रेकॉर्ड

आजचा अल्बम चरणजित सिंग यांचा, ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. साल १९८२, शहर आपली मुंबई.

चरणजित हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवायचे. या अल्बमसाठी त्यांनी रोलँडची तीन यंत्रं जोडली. टीआर-८०८ वर ठेका, टीबी-३०३ वर बेस, ज्युपिटर-८ वर राग. आता गंमत बघा. ३०३ मध्ये ‘स्लाइड’ नावाची सोय आहे. सूर तुटत नाही, पुढच्या सुरात घसरत जातो. म्हणजे जवळजवळ आपली मींडच की!

पण अल्बम खपला नाही. १९८७ला शिकागोच्या फ्युचर ग्रुपचं ‘ॲसिड ट्रॅक्स’ त्याच ३०३ वर आलं आणि ॲसिड हाउसची लाट उसळली. म्हणून ‘ॲसिड हाउस भारताने शोधलं’ असले फॉरवर्ड मात्र नकोत हां. ती लाट शिकागोचीच. हे काम आधी झालं होतं, इतकंच.

२०१०ला अल्बम परत निघाला, तेव्हा कुठे जगाने कान टवकारले. २०१५ला चरणजित गेले.

ॲप बहुतेक वेळा खूप ऐकलेलंच पुढे ढकलतं. त्यामुळे हा अल्बम आपणच शोधायचा. आज रात्री हेडफोन लावा, यमनपासून सुरू करा. भेटू पुढच्या भागात!