मंगळाची वाट पडद्यावर

१ डिसेंबर २०१३. मध्यरात्र उलटून ४९ मिनिटे झाली होती. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या भारताच्या मंगळयानाचे इंजिन पेटले आणि सुमारे २२ मिनिटे धगधगत राहिले. यानाचा वेग सेकंदाला ६४८ मीटरने वाढला आणि पृथ्वीची ओढ मागे टाकून ते सूर्याभोवतीच्या वाटेला लागले. त्या रात्री मंगळ जिथे होता, तिथे यानाला जायचेच नव्हते. सुमारे २९७ दिवसांनी, २४ सप्टेंबर २०१४ च्या सकाळी मंगळ जिथे येणार होता, तो बिंदू त्याला गाठायचा होता.

हे वाचून पटते, पण डोक्यात पक्के बसते ते पाहिल्यावरच. पुस्तकातल्या आकृतीत ग्रह जागचे हलत नाहीत. संगणकाच्या पडद्यावर मात्र पृथ्वी, मंगळ आणि यान तिघेही आपापल्या वेगाने धावताना दिसतात. तारीख मागेपुढे करता येते आणि ती बदलली की वाटही बदलते. ग्रहांमधल्या प्रवासात अंतरापेक्षा वेळापत्रकाला मोल आहे, हे दाखवायला याहून चांगले साधन माझ्या पाहण्यात नाही.

या विद्येचा पाया वॉल्टर होमान या जर्मन अभियंत्याने घातला. एका कक्षेतून दुसरीत जाण्याची कमी इंधनाची वाट म्हणजे दोन्ही कक्षांना स्पर्श करणारे अर्धे लंबवर्तुळ, हे त्यांनी १९२५ मध्ये पुस्तक लिहून मांडले. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते. पृथ्वीवरून सुटणाऱ्या यानाला हा वेग आयताच मिळतो. त्यात साधारण ३ किलोमीटरची भर घातली, की यानाच्या कक्षेचे पलीकडचे टोक मंगळाच्या कक्षेला जाऊन भिडते. तिथवर पोचायला सुमारे २५९ दिवस लागतात. तेवढ्यात मंगळ सरासरी १३६ अंश पुढे सरकतो. म्हणजे निघताना तो पृथ्वीच्या ४४ अंश पुढे हवा. अशी जुळणी साधारण २६ महिन्यांनी एकदा होते. ती हुकली तर पुन्हा तेवढेच थांबावे लागते.

प्रत्यक्षातल्या कक्षा इतक्या सरळसोट नसतात. मंगळाची कक्षा चांगलीच लांबट आहे आणि पृथ्वीच्या कक्षेशी किंचित तिरकी आहे. त्यामुळे प्रत्येक संधीचे गणित नव्याने मांडावे लागते. निघण्याची जागा, पोचण्याची जागा आणि मधला काळ दिला असता वाट कोणती, या प्रश्नावर अठराव्या शतकात योहान हाइनरिश लँबर्ट यांनी काम केले होते. आजचा संगणक तोच प्रश्न तारखांच्या हजारो जोड्यांसाठी काही क्षणांत सोडवतो. मग आडव्या अक्षावर निघण्याची तारीख, उभ्या अक्षावर पोचण्याची तारीख आणि मध्ये लागणाऱ्या ऊर्जेच्या समोच्च रेषा, असा आलेख तयार होतो. अंतराळ अभियंते त्याला पोर्कचॉप प्लॉट म्हणतात. नकाशावर डोंगराच्या रेषा असतात तशाच या रेषा. फरक इतकाच की इथे सगळे शोधतात ती दरी, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेची जागा.

अशा आलेखात बहुधा दोन दऱ्या दिसतात. एकीत यान सूर्याभोवती अर्ध्या फेरीपेक्षा कमी जाते, दुसरीत अर्ध्या फेरीपेक्षा जास्त. मंगळयानाची वाट दुसऱ्या प्रकारची होती. त्याच सुमारास नासाचे मेव्हन हे यानही निघाले, १८ नोव्हेंबर २०१३ रोजी, आणि मंगळयानाच्या दोनच दिवस आधी मंगळावर पोचले. दोन देश, दोन वेगळे अग्निबाण, पण ग्रहांचे वेळापत्रक दोघांनाही एकच.

ही सगळी आकडेमोड स्वतः करून पाहायची असेल तर नासाच्या गॉडार्ड केंद्रात विकसित झालेली जीमॅट ही प्रणाली मोफत मिळते. तिची संगणक-संहिताही खुली आहे. तिच्यात यानाची सुरुवातीची जागा, वेग आणि तारीख भरायची, इंजिन कधी व किती पेटवायचे याचा अंदाज द्यायचा आणि कुठे पोचायचे ते सांगायचे. पहिला अंदाज सहसा फसतो आणि पडद्यावरची रेषा मंगळापासून लाखो किलोमीटर दुरून निघून जाते. प्रणाली अंदाजात बारीक फेरफार करून पुन्हा रेषा काढते, मग पुन्हा. रेषांचा पिसारा हळूहळू मिटत जातो आणि शेवटची रेषा मंगळाजवळच्या ठरलेल्या बिंदूतून जाते. इंजिनाच्या धक्क्यात सेकंदाला एखाद्या मीटरचा फरक केला, तर काही महिन्यांनी केवढा फरक पडतो, हे इथे डोळ्यांदेखत दिसते. खऱ्या मोहिमेत वाटेत मार्गदुरुस्त्या का लागतात, तेही इथेच उमगते. मंगळयानाने ११ डिसेंबर २०१३, ११ जून २०१४ आणि २२ सप्टेंबर २०१४ रोजी अशा दुरुस्त्या केल्या.

पडद्यावरच्या चित्राची खरी ताकद मात्र दृष्टिकोन बदलण्यात आहे. मंगळयानाचा प्रवास सूर्य मध्ये ठेवून पाहिला तर एक ऐसपैस कमान दिसते. पृथ्वी मध्ये ठेवली की एकात एक वाढत जाणारी लंबवर्तुळे दिसतात. पीएसएलव्ही या अग्निबाणाची ताकद यानाला थेट मंगळाच्या वाटेवर ढकलण्याइतकी नव्हती. म्हणून ५ नोव्हेंबरच्या उड्डाणानंतर यान पृथ्वीजवळ आले की इंजिन पेटवून कक्षा टप्प्याटप्प्याने वाढवली गेली. पृथ्वीजवळ यानाचा वेग सर्वाधिक असतो आणि तिथे जाळलेल्या इंधनातून कक्षेची ऊर्जा सर्वाधिक वाढते. ११ नोव्हेंबरचा धक्का कमी पडला, तेव्हा दुसऱ्या दिवशी पूरक धक्का देऊन उणीव भरून काढण्यात आली. आता मंगळ मध्ये ठेवा. यान दुरून येते, वळते आणि वेग कमी केला नाही तर तसेच निघून जाते. सुमारे २३ मिनिटे उलट्या दिशेने इंजिन चालवल्यावरच त्याची कक्षा मंगळाभोवती मिटते. प्रवास तोच, पण मध्यभागी काय ठेवले त्यावर चित्र ठरते.

नासाच्या व्हॉयेजर यानांची गोष्ट याच युक्तीने उलगडते. मायकल मिनोविच या विद्यार्थ्याने १९६१ मध्ये नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करताना आयबीएम ७०९० संगणकावर दाखवले की ग्रहाजवळून जाताना यानाला वेग मिळवता येतो. १९६५ मध्ये गॅरी फ्लँड्रो यांना दिसले की सत्तरच्या दशकाअखेरीस चारही बाह्य ग्रह एकाच प्रवासात गाठता येतील. अशी रचना सुमारे १७५ वर्षांनी येते. २० ऑगस्ट १९७७ रोजी निघालेल्या व्हॉयेजर २ ने १९७९ मध्ये गुरू, १९८१ मध्ये शनी, १९८६ मध्ये युरेनस आणि १९८९ मध्ये नेपच्यून गाठला. गुरू मध्ये ठेवून पाहिले तर यान ज्या वेगाने आले त्याच वेगाने गेलेले दिसते, फक्त दिशा बदलते. सूर्य मध्ये ठेवला की तेच यान कितीतरी वेगवान होऊन बाहेर पडते. सूर्याभोवती सेकंदाला १३ किलोमीटर वेगाने फिरणाऱ्या गुरूच्या गतीतला कणभर वाटा यानाला मिळालेला असतो. पानभर समीकरणांनी जे गळी उतरत नाही, ते मध्यबिंदू बदलताच लख्ख होते.

चित्रावर किती विसंबायचे, हेही सांगायला हवे. मंगळाची कक्षा एक मीटर रुंद पडद्यावर बसवली आणि प्रमाण पाळले, तर पृथ्वीचा व्यास भरेल एक मिलिमीटरचा सुमारे ३५ वा भाग. ती दिसणारच नाही. म्हणून बहुतेक प्रणाली ग्रह मुद्दाम मोठे दाखवतात. आणि चित्र कितीही देखणे असले तरी ते आत भरलेल्या आकड्यांइतकेच खरे असते. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले, ते एका प्रणालीने पाउंडात दिलेली माहिती दुसरीने न्यूटनमधली समजून घेतल्यामुळे. मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटरवरून जायचे यान ५७ किलोमीटरपर्यंत खाली उतरले. ही चूक पडद्यावरच्या रेषेत आपोआप दिसत नाही. ती एकके तपासूनच सापडते.

सुरुवात करायला महागडा संगणक लागत नाही. नासाची आइज ही प्रणाली साध्या ब्राउझरमध्ये चालते आणि व्हॉयेजरचा प्रवास तिच्यात तारखेनुसार पाहता येतो. मार्टिन श्वायगर यांची ऑर्बिटर ही प्रणाली यान स्वतः चालवू देते. कर्बल स्पेस प्रोग्राम हा खेळ विकत घ्यावा लागतो, पण कक्षांची जाण तो मुलांना हसतखेळत देतो. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या होरायझन्स सेवेतून ग्रहांची कोणत्याही दिवसाची अचूक स्थिती फुकट मिळते. पायथॉन ही संगणकभाषा येणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला त्या आकड्यांवरून स्वतःचा पोर्कचॉप प्लॉट काढता येतो.

विज्ञानाच्या शिक्षकांना म्हणूनच आग्रहाची विनंती आहे. केप्लरचे नियम फळ्यावर शिकवून झाले की एक तास संगणक कक्षात घ्या. मुलांना तयार चित्रफीत दाखवून थांबू नका. निघण्याची तारीख त्यांच्या हाताने बदलू द्या, यान चुकू द्या आणि का चुकले ते त्यांनाच शोधू द्या. मंगळाची पुढची संधी २०२६ च्या अखेरीस आहे आणि त्यानंतरची २०२८ संपता संपता. त्या वाटा आजच आपल्या पडद्यावर आखता येतात.