लादी पाव, मोठ्याचं मांस आणि चीज: दाढा नसलेल्या बाबांसाठी एक प्रयोग

बाबांच्या खालच्या दाढा गेल्या वर्षी काढल्या. तेव्हापासून रविवारी घरात मांस शिजलं की ते रस्सा-भात घेतात आणि फोडी गुपचूप माझ्या ताटात सरकवतात. पस्तीस वर्षं मोरिवलीच्या एमआयडीसीत शिफ्ट केलेला माणूस, जेवणात एवढी माघार त्यांनी कधी घेतली नव्हती. गेल्या महिन्यात मोबाइलवर त्यांना एक अमेरिकन व्हिडिओ दिसला. छोटे पाव, आत गरम स्टेकच्या पातळ चकत्या, वरून ओघळणारं चीज. मला म्हणाले, "पोरी, चार वर्षं मांस कापायचं मशीन चालवतेस ना? मग हे मला चावता येईल असं करून दाखव."

माझं पीएचडीचं काम मांसाच्या पोतावर आहे. 'पोत' म्हणजे साध्या भाषेत, दाताखाली काय होतं ते. त्यामुळे बाबांनी मला माझा प्रबंधच घरी आणून करायला सांगितला असं म्हणायला हरकत नाही.

आधी मूळ पदार्थाबद्दल थोडंसं. फिलाडेल्फियात १९३० च्या सुमारास पॅट आणि हॅरी ऑलिव्हिएरी या हॉटडॉग विकणाऱ्या भावांनी पातळ चिरलेलं बीफ तव्यावर परतून पावात भरून विकायला सुरुवात केली. चीज त्यात नंतर आलं. म्हणजे नावात 'स्टेक' असलं तरी जाड तुकडा तिथेही नव्हताच. पण तिकडची कृती घेतली की पहिल्याच ओळीला आपण अडखळतो. ती 'रिब-आय' मागते. तरुण जनावराच्या बरगडीजवळचं, मधूनमधून चरबीच्या रेषा असलेलं हे मांस आपोआपच मऊ असतं.

आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे. महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही २०१५ पासून बंदी आहे. कायदेशीर मिळतं ते म्हशीचं. आमच्या घरात त्याला सरळ 'मोठ्याचं' म्हणतात. हे मांस बऱ्याचदा दूध आटलेल्या, वय झालेल्या जनावराचं असतं. रंगाने गडद, चवीला खणखणीत, पण चरबी कमी. आणि मुख्य म्हणजे चिवट.

चिवट का, तर दोन कारणं. मांस म्हणजे बारीक धाग्यांच्या जुड्या, आणि प्रत्येक जुडीभोवती कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचं वेष्टण. जनावराचं वय वाढतं तसे कोलॅजेनच्या तंतूंमध्ये आडवे बंध पक्के होत जातात. उष्णता दिली की ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास हे वेष्टण आकसतं आणि ओला टॉवेल पिळावा तसं आतलं पाणी बाहेर काढतं. ७० च्या पुढे दीर्घकाळ ठेवलं तर तेच कोलॅजेन विरघळून जिलेटिन होतं. आजीच्या पातेल्यात दोन-अडीच तास रटरटणारं कालवण मऊ व्हायचं ते यामुळे. अडचण अशी की तव्यावर दोन मिनिटं परतलेलं मांस बरोबर मधल्या, सगळ्यात वाईट टप्प्यावर अडकतं: आकसून झालेलं असतं, विरघळायला वेळ मिळालेला नसतो.

मग उरतो सुरीचा मार्ग. आमच्या प्रयोगशाळेत वॉर्नर-ब्रॅट्झलर पद्धतीचं पातं आहे. मांसाची साधारण १.२७ सेंटिमीटर जाडीची कांडी घ्यायची, पातं तिच्यातून दाबत न्यायचं आणि किती जोर लागला ते मोजायचं. हे पातं धाग्याला आडवं चालतं. म्हणजे आपण मोजतो ती धागे तोडायची मेहनत. ही मेहनत दातांनी करायची की सुरीने, एवढाच काय तो प्रश्न. धाग्याला आडव्या, ३ मिलिमीटरच्या चकत्या केल्या तर त्या चकतीतला कुठलाही धागा ३ मिलिमीटरपेक्षा फारसा लांब उरत नाही. तो चावून तोडावा लागत नाही, नुसता दाबला तरी शेजारच्या धाग्यापासून सुटतो. वेष्टण तसंच चिवट असतं, पण त्याचेही तुकडे झालेले असतात.

हे लिहिताना आजीच्या चान्या आठवल्या. चान्या म्हणजे उन्हात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकाबद्दल वाचायला मिळतं, त्यात त्या भेटतील. आजी चान्यांसाठी नेमकं उलटं करायची. धाग्याच्या दिशेने उभं कापायची, कारण दोरीवर टाकायला लांब पट्टी हवी आणि ती तुटायला नको. कालवणाला मात्र "आडवं धर गं" म्हणायची. तिला धाग्याची दिशा बोटांनी कळायची. मला ती कळायला एम.एस्सी. करावं लागलं.

दिशा ओळखणं अवघड नाही. लाकडी पाटावर रेषा दिसतात तशा मांसावरही दिसतात. सुरी त्या रेषांशी काटकोनात धरायची. खाटकाकडे 'अंडरकट' मिळालं तर उत्तम, पण ते महाग. मी मांडीचा, हाड नसलेला अर्धा किलोचा सलग तुकडा घेते आणि "चिरू नका" असं बजावून सांगते, नाहीतर सवयीने चौकोनी फोडी हातात पडतात.

आता माझी एक फजिती. पहिल्या खेपेला सकाळी सातला आणलेलं, अजून कोमट असलेलं मांस मी थेट फ्रीजरमध्ये टाकलं, म्हटलं कडक झालं की पातळ चिरता येईल. दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं तर तुकडा आखडून बसला आणि ताटलीत लाल पाण्याचं तळं झालं. हा प्रकार मी चार वर्षं परिसंवादात ऐकत आलेय! कत्तलीनंतर काही तासांनी स्नायू ताठरतात. स्नायूंतली ऊर्जा संपायच्या आधीच मांस गोठवलं, तर ते वितळताना एकदम जोरात आकसतं. आपल्याकडे 'ताजं तेच चांगलं' हा समज पक्का आहे. चवीबद्दल मी वाद घालणार नाही, पण तव्यावरच्या मांसासाठी तो बरोबर नाही. साध्या फ्रीजमध्ये झाकून एक-दोन दिवस ठेवलं की मांसातलीच विकरं धाग्यांचे जोड सैल करतात. त्यानंतर चिरण्यापूर्वी तास-दीड तास फ्रीजरमध्ये. दगड नको, नुसतं घट्ट व्हायला हवं.

कच्ची पपई लावायची का, असं आईने विचारलंच. पपईतलं पपेन प्रथिनं तोडतं हे खरं, आणि ते गरम होताना, ६०-७० अंशांना, सगळ्यात जोरात काम करतं. जाड फोडींना ते ठीक. ३ मिलिमीटरच्या चकतीचा मात्र बघता बघता लगदा होतो. मी त्याऐवजी अर्ध्या किलोला अर्धा चमचा खाण्याचा सोडा चोळला, वीस मिनिटं ठेवलं, धुतलं आणि कापडाने अगदी कोरडं केलं. सोड्याने मांसाची आम्लता कमी होते, प्रथिनं शिजताना एकमेकांना तेवढी घट्ट धरत नाहीत आणि पाणी आत राहतं.

कोरडं करणं वगळू नका. मांस खरपूस होतं ते मेलार्ड अभिक्रियेने (लुई कामीय मेलार्ड, १९१२), आणि तिला वेग येतो साधारण १४० अंशांना. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तापमान १०० च्या वर जातच नाही. म्हणून लोखंडी तवा धूर येईपर्यंत तापवायचा आणि एका वेळी मूठभरच चकत्या टाकायच्या. जास्त टाकल्या की पाणी सुटतं आणि मांस उकडतं. मीठ, मिरपूड, आडवा चिरलेला कांदा, थोडी ढोबळी मिरची. दीड-दोन मिनिटं, आत गुलाबी राहू द्यायचं नाही.

चीजचं गणित वेगळंच आहे. पनीर वितळत नाही, कारण ते गरम दुधात आंबट घालून फाडलेलं असतं आणि त्यातली प्रथिनं एकमेकांना कायमची चिकटलेली असतात. रेनेटने बनवलेल्या चीजमध्ये केसीन हे प्रथिन कॅल्शियमच्या पुलांनी जोडलेलं असतं. ते गरम केलं तर वितळतं, पण जुनं, मुरलेलं असेल तर तेल वेगळं सुटतं. प्रोसेस्ड चीजमध्ये सोडियम सायट्रेटसारखे क्षार घालून हे कॅल्शियम बाजूला काढलेलं असतं. मोकळं झालेलं केसीन चरबी आणि पाणी दोघांना धरून ठेवतं, म्हणून आपली नेहमीची स्लाइस एकसंध वितळते. चीजचे शौकीन नाक मुरडतात, मुरडू देत. इथे तीच हवी, कारण म्हशीच्या मांसात नसलेली चरबी प्रत्येक चकतीवर पसरवायचं काम तिला करायचं आहे. फिलाडेल्फियातही अनेक जण डब्यातलं पातळ प्रोसेस्ड चीजच ओततात. फक्त पाकिटाची मागची बाजू वाचा. 'व्हेजिटेबल ऑइल' आणि स्टार्च लिहिलेलं असेल तर ती चीजची नक्कल आहे. ती गरम असताना ठीक वाटते, निवली की तिचं रबर होतं, आणि बाबांच्या प्रयोगात रबर चालणार नव्हतं.

पावाच्या बाबतीत मात्र आपण अमेरिकेच्या पुढे आहोत. तिकडे छोट्या सँडविचसाठी जोडलेल्या पावांचा गठ्ठा मुद्दाम विकत घेतात. आपल्या बेकरीत लादी रोजचीच आहे. सहा पावांची लादी न तोडता मधून आडवी चिरायची, आतल्या दोन्ही बाजू लोण्यावर शेकायच्या, म्हणजे मांसाचा रस शिरून पाव गचगचीत होत नाही. खालच्या भागावर गरम मांस, दर पावाला एक स्लाइस, वरचा भाग. मंद तव्यावर ठेवून कडेला चमचाभर पाणी टाकायचं आणि झाकण घालायचं. ओव्हन नसला तरी त्या वाफेत दोन मिनिटांत चीज उतरतं. अर्ध्या किलोत दोन लाद्या होतात. उरलं तर मांस पावातून काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा आणि पुन्हा चांगलं वाफाळेपर्यंत गरम करा.

रविवारी दुपारी बाबांनी पहिला पाव उचलला, समोरच्या दातांनी तोडला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. चीज हनुवटीला लागलं होतं. चार खाल्ले. मग आईला विचारलं, "रस्सा नाही केला का आज?"