एअर रायफलचा वेग फोनच्या माइकने मोजा: ट्यूनिंग म्हणजे पॉवर वाढवणं नव्हे

ऑनलाइन एअर रायफल शोधायला गेलं की नजर आधी मोठ्या आकड्यावर जाते. ‘१००० एफपीएस’, ‘१२०० एफपीएस, सुपर पॉवर’. गेम खेळणाऱ्या मंडळींनी लक्षात घ्या, इथला एफपीएस म्हणजे फ्रेम्स नव्हेत, तर फीट पर सेकंद, म्हणजे छर्रा एका सेकंदात किती फूट जातो ते.

पण गेममधला एक अनुभव इथे तंतोतंत लागू पडतो. फोन सरासरी ९० फ्रेम्स देतो पण मध्येच २० वर आपटतो, तेव्हा गेम खेळवत नाही. त्यापेक्षा सतत ६० देणारा फोन परवडतो. एअर रायफलचंही तसंच आहे. छर्रा किती जोरात जातो यापेक्षा प्रत्येक वेळी तेवढ्याच जोरात जातो का, हे महत्त्वाचं. आणि हे तपासायचं यंत्र तुमच्या खिशातच आहे.

जगज्जेत्यांची रायफल किती ‘पॉवरफुल’ असते?

अभिनव बिंद्राने ११ ऑगस्ट २००८ ला बीजिंगमध्ये सुवर्णपदक जिंकलं ते १० मीटर एअर रायफलमध्ये. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला याच प्रकारात जगज्जेता झाला. या स्पर्धांच्या रायफलींमधून छर्रा साधारण सेकंदाला १७० ते १७५ मीटर वेगाने निघतो. म्हणजे ५६० ते ५७५ एफपीएस! खोक्यावरच्या १००० च्या निम्म्याहून जरा जास्त, बस्स.

आता टार्गेट बघा. १० मीटरवरच्या कागदावर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. दहाच्या पुढेही दशांशात गुण मोजतात, जास्तीत जास्त १०.९. छर्रा मधोमध बसायच्या ऐवजी पाव मिलिमीटर सरकला की साधारण ०.१ गुण जातो. बिंद्राचा शेवटचा शॉट १०.८ होता, म्हणजे छर्र्याचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत.

आता थोडं शाळेतलं फिजिक्स. वेग १७५ असेल तर १० मीटर जाईपर्यंत छर्रा गुरुत्वाकर्षणाने सुमारे १६ मिलिमीटर खाली येतो. वेग १६५ असेल तर १८ मिलिमीटर. नेम तोच, हात तसाच स्थिर, पण वेगात १० चा फरक पडला की छर्रा २ मिलिमीटर खाली लागतो. २ मिलिमीटर म्हणजे जवळपास ०.८ गुण. १०.५ चा शॉट ९.७ होऊन बसतो आणि आपण उगाच आपल्या हाताला दोष देत राहतो.

आत नेमकं काय होतं?

जत्रेत फुगे फोडायला ठेवतात ती बंदूक बहुतेक वेळा स्प्रिंगची असते. नळी मोडून खाली दाबली की आतली जाड स्प्रिंग दबते आणि पिस्टन मागे अडकतो. ट्रिगर ओढला की पिस्टन सुसाट पुढे येतो, समोरची हवा दाबली जाते आणि तीच हवा छर्र्याला ढकलते. यात बंदुकीची दारू नाही, काडतूस नाही. मात्र पिस्टन पुढे निघाला की रायफल मागे सरकते आणि पिस्टन दाबलेल्या हवेवर आदळला की पुढे झटका देते. म्हणून स्प्रिंगची रायफल आवळून धरायची नसते. पुढचा हात नुसता खाली उशीसारखा ठेवायचा आणि तिला तिची हालचाल करू द्यायची. या दुहेरी झटक्यामुळेच साधी दुर्बीण तिच्यावर टिकत नाही, एअर रायफलसाठी बनवलेलीच लागते.

दुसरा प्रकार पीसीपी. यात सिलिंडरमध्ये आधीच हवा भरून ठेवलेली असते, स्पर्धेच्या रायफलींमध्ये साधारण २०० बार दाबाची. कारच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास असते, म्हणजे जवळपास ९० पट दाब. ट्रिगर ओढला की आतला छोटा हातोडा व्हॉल्व्हवर आपटतो आणि थोडीशी हवा सुटते. चांगल्या पीसीपीत रेग्युलेटर असतो. घरातल्या प्लगमध्ये व्होल्टेज कमीजास्त झालं तरी चार्जर फोनला ठरलेलंच व्होल्टेज देतो, तसं सिलिंडरमधला दाब उतरत गेला तरी रेग्युलेटर प्रत्येक शॉटला सारखाच दाब पुरवतो. स्पर्धेत पीसीपी चालते ती या सारखेपणामुळे, ताकदीमुळे नाही.

२० ज्यूलची रेघ

भारतात शस्त्र कायदा, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ या चौकटीत एअर रायफलला परवान्यातून सूट आहे, पण दोन अटींवर. नळीचा बोअर .१७७ इंचापर्यंत, म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंत हवा आणि नळीच्या तोंडाशी छर्र्याची ऊर्जा २० ज्यूलच्या वर नको. यातली एक जरी अट मोडली तरी तुमच्या हातात परवाना लागणारं शस्त्र येतं. ‘मला माहीत नव्हतं’ हे पोलिसांसमोर उत्तर होत नाही.

ऊर्जेचं सूत्र सोपं आहे: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. वस्तुमान किलोग्रॅममध्ये आणि वेग मीटर पर सेकंदात घ्यायचा. वर्ग आहे हे विसरू नका. वेग १० टक्के वाढला की ऊर्जा २१ टक्के वाढते.

आता ‘१००० एफपीएस’ तपासू. १००० फूट म्हणजे जवळपास ३०५ मीटर. साधा शिशाचा छर्रा धरू अर्ध्या ग्रॅमचा. ऊर्जा येते २३ ज्यूल, म्हणजे रेघेच्या वर. मग विक्रेता खोटं बोलतोय का? तसंच असेल असं नाही. ०.३५ ग्रॅमचा हलका छर्रा घातला तर त्याच वेगाला १६ ज्यूलच होतात. मोठा आकडा मिळवायला हलका छर्रा ही जुनीच युक्ती. म्हणून खोक्यावरचा वेग बघताना तो कोणत्या वजनाच्या छर्र्याला आहे हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. अर्ध्या ग्रॅमच्या छर्र्याला २० ज्यूलची मर्यादा सुमारे २८३ मीटर पर सेकंदाला येते.

हे समजलं की व्हिडिओत दाखवतात ती जाड स्प्रिंग घालण्याची आयडिया किती महाग पडू शकते तेही समजतं. कायद्याची रेघ ओलांडायची भीती, झटका वाढणार, सील लवकर जाणार. शिवाय छर्रा ध्वनीच्या वेगाजवळ पोचला की तो डळमळायला लागतो. पैसे घालून नेम बिघडवायचा, एवढंच त्यातून होतं.

फोनने वेग मोजायचा कसा?

वेग मोजण्याच्या यंत्राला क्रोनोग्राफ म्हणतात. ते नसेल तर फोन आहेच. तत्त्व साधं: रायफल सुटल्याचा आवाज आणि छर्रा आदळल्याचा आवाज, यांतलं अंतर मोजायचं. फोनचा माइक आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेऊ शकतो, त्यामुळे मिलिसेकंदाचा हिशोब त्याला सहज जमतो.

एक अडचण आहे. आवाजालाही फोनपर्यंत यायला वेळ लागतो. फोन रायफलजवळ ठेवला तर टार्गेटचा आवाज १० मीटर परत येईपर्यंत सुमारे २९ मिलिसेकंद जातात, आणि हा वेळ हवेच्या तापमानानुसार बदलतो. यावर उपाय म्हणजे फोन दोघांपासून सारख्याच अंतरावर ठेवायचा. मग दोन्ही आवाजांना सारखाच उशीर होतो आणि वजाबाकीत तो आपोआप निघून जातो.

१. नळीच्या तोंडापासून टार्गेटपर्यंत टेपने बरोबर १० मीटर मोजा. इथे १० सेंटिमीटर चुकलात तर वेगही एक टक्का चुकेल.
२. रायफल रिकामी असतानाच पुढे जा आणि फोन मध्यावर, माऱ्याच्या रेषेपासून चांगला बाजूला ठेवा.
३. रेकॉर्डिंग ॲपमध्ये नॉइज रिडक्शन बंद करा आणि डब्ल्यूएव्ही फॉरमॅट निवडा.
४. टार्गेटमागे छर्रे अडवणारी पत्र्याची पेटी लावा, म्हणजे आदळल्याचा आवाज स्पष्ट येतो.
५. दहा शॉट मारा. नंतर ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही आवाजांची सुरुवात शोधून मधला वेळ लिहून घ्या.

अंतर भागिले वेळ, झाला वेग. ५८.८ मिलिसेकंद आले तर १० भागिले ०.०५८८, म्हणजे १७० मीटर पर सेकंद.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा १० मीटरमधला सरासरी वेग आहे. छर्रा हवेत मंदावतो, म्हणून नळीच्या तोंडाशी वेग याहून थोडा जास्तच असतो. फोनच्या हिशोबाने १९ ज्यूल आले म्हणून आपण कायद्यात बसलो असं समजू नका. तिथे खरा क्रोनोग्राफच हवा. पण एका शॉटची दुसऱ्याशी तुलना करायला फोन उत्तम आहे, आणि आपल्याला तेच हवंय.

दहा आकडे काय सांगतात?

आम्ही सॉफ्टवेअरवाले काही बिघडलं की आधी लॉग वाचतो, मग कोडला हात लावतो. हे दहा आकडे म्हणजे रायफलचा लॉग.

आकडे हळूहळू उतरतायत: पीसीपी असेल तर सिलिंडरमधला दाब रेग्युलेटरच्या पातळीखाली गेलाय. हवा भरायची वेळ झाली.

आकडे कसेही वरखाली उड्या मारतायत: छर्रे नळीत सारखे बसत नाहीत किंवा कुठूनतरी हवा गळतेय. आधी दुसरे छर्रे वापरून बघा.

मध्येच एखादा शॉट खूप जोरात, मोठा आवाज आणि धूर: स्प्रिंगच्या रायफलीत तेल आत गेलंय आणि दाबाच्या उष्णतेने पेट घेतंय, डिझेल इंजिनात घेतं तसं. आत तेल सोडून ‘पॉवर’ वाढवणारे हेच करत असतात. याने सील खराब होतं आणि ऊर्जा कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही.

वेग सारखा, तरी छर्रे विखुरलेले: मग हवेचा दोष नाही. दस्त्याचे स्क्रू, दुर्बिणीचे माउंट, नळीचं तोंड, छर्र्याचा प्रकार आणि तुमची पकड, या क्रमाने बघा.

ट्यूनिंगचा स्वस्तात सुरू होणारा क्रम

पहिला नंबर स्क्रू ड्रायव्हरचा. स्प्रिंगच्या झटक्याने दस्त्याचे स्क्रू ढिले होतातच. दुसरा नंबर छर्र्यांचा. तीन-चार प्रकारचे डबे आणा, प्रत्येकाचे दहा-दहा शॉट मारा आणि ज्याचे आकडे व भोकं सर्वांत जवळ येतील तो ठेवा. कागदी टार्गेटला सपाट तोंडाचे छर्रे चांगले, भोक स्वच्छ कापतात. प्रत्येक रायफलची आवड वेगळी असते, त्यामुळे मित्राचा डबा तुम्हाला चालेलच असं नाही. तिसरा नंबर नळी साफ करण्याचा, चौथा ट्रिगरच्या ॲडजस्टमेंटचा. सील आणि स्प्रिंग अगदी शेवटी, आणि ते काम माहीतगार मेकॅनिककडेच द्या, कारण दाबलेली स्प्रिंग निसटली तर थेट तोंडावर येते. एक वेळी एकच बदल करा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

छर्रा न घालता स्प्रिंगची रायफल उडवू नका. अडवायला काही नसल्यामुळे पिस्टन पुढे धाडकन आपटतो. पीसीपीच्या सिलिंडरवरची मुदत वाचा, मुदत संपलेला वापरू नका.

कुठे मारायचं?

गच्चीवर नाही, गल्लीत नाही, पक्ष्यांवर तर मुळीच नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली शिकार हा गुन्हा आहे. आणि स्पर्धेतल्या ‘कमी पॉवर’च्या रायफलीचा छर्राही डोळा कायमचा घालवू शकतो. डोळ्यांवर गॉगल, नळी कायम सुरक्षित दिशेला, मारायची वेळ येईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. छर्रे शिशाचे असतात, म्हणून हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही.

नवीन असाल तर रायफल विकत घ्यायच्या आधी रेंजवर जा. मुंबईत वरळीला, पुण्यात बालेवाडीला, कोल्हापुरात दुधाळीला शूटिंग रेंज आहेत. तिथे प्रशिक्षकाच्या नजरेखाली क्लबची रायफल हातात घेऊन बघा. १८ च्या आतले असाल तर आईबाबांना सोबत न्या. फोनने वेग मोजायचा प्रयोगही तिथेच करा, रेंजवाल्यांना विचारून.

आणि दहा शॉटचे आकडे लिहून झाले की सगळ्यात मोठ्या आकड्यावर खूश होऊ नका. सगळ्यात मोठ्यातून सगळ्यात लहान वजा करा. ती वजाबाकी जितकी लहान होत जाईल, तितकी तुमची रायफल ट्यून होतेय.