एचआयव्हीसोबत जगणाऱ्या महिलांच्या हृदयाला जास्त जपायला का हवं?

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीतल्या एखाद्या साडीच्या दुकानात काम करणारी पंचेचाळिशीची बाई डोळ्यांसमोर आणा. तिला एचआयव्ही आहे. घाटी रुग्णालयाच्या एआरटी केंद्रातून मिळणारी गोळी ती रोज घेते आणि रक्तात विषाणू सापडत नाही इतका तो आटोक्यात आहे. पण हल्ली जिना चढताना तिला धाप लागते, जबडा आणि पाठ दुखते. ती पित्ताची गोळी घेते आणि पुन्हा कामाला लागते. हार्ट अटॅक म्हणजे पुरुषांचं दुखणं, असं तिलाही वाटतं आणि घरच्यांनाही.

हाच समज धोक्याचा आहे.

आकडे काय सांगतात?

भारतात सुमारे 25 लाख लोक एचआयव्हीसोबत जगतात आणि त्यात 44 टक्क्यांच्या आसपास महिला आहेत. राज्यांमध्ये सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रात आहेत. 1 एप्रिल 2004 पासून सरकारी केंद्रांत मोफत औषधं मिळू लागली आणि आयुष्य वाढलं. त्यामुळे आता या रुग्णांसमोर वयासोबत येणारे आजार उभे आहेत. हृदयविकार हा त्यातला मोठा.

2007 साली अमेरिकेतल्या बॉस्टनमधल्या दोन मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका रुग्णावर एक वर्ष लक्ष ठेवलं तर ते एक 'रुग्ण-वर्ष'. एचआयव्ही नसलेल्यांत दर हजार रुग्ण-वर्षांमागे महिलांमध्ये सुमारे 5, तर पुरुषांमध्ये 11 हार्ट अटॅक दिसले. एचआयव्ही असलेल्या महिलांमध्ये हाच आकडा जवळपास 13 होता आणि पुरुषांमध्ये 10. वय, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल हिशेबात धरल्यावरही एचआयव्हीमुळे महिलांचा धोका सुमारे तिप्पट, तर पुरुषांचा 1.4 पट निघाला.

या अभ्यासात धूम्रपानाची माहिती अपुरी होती आणि औषधंही जुनी होती. त्यामुळे हेच आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण मुद्दा स्पष्ट आहे: पाळी सुरू असेपर्यंत बायकांच्या हृदयाला जे नैसर्गिक संरक्षण असतं, ते एचआयव्हीत कमी पडू शकतं.

असं का होतं?

औषधाने विषाणू दबला तरी रोगप्रतिकारशक्ती पूर्ण शांत होत नाही. शरीरात बारीक दाह सुरूच राहतो आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर चरबीचे थर साचतात. हा दाह महिलांमध्ये जास्त असल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि धोका आणखी वाढतो. डोल्युटेग्राव्हिरसारख्या नव्या औषधांवर वजन वाढण्याचं प्रमाणही महिलांमध्ये जास्त आढळलं आहे. त्यात मिश्री किंवा तंबाखूची सवय असेल, तर भर पडते.

मग एआरटी बंद करायची का?

अजिबात नाही. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या 'स्मार्ट' चाचणीत उपचार मध्येच थांबवणाऱ्यांना मृत्यूचा आणि हृदयविकाराचा धोका जास्त दिसला. गोळी सुरू ठेवणं हेच हृदयासाठीही हिताचं.

उपाय काय?

2023 मध्ये 'रिप्रिव्ह' या चाचणीचे निकाल आले. भारतासह 12 देशांतले 40 ते 75 वयाचे 7,769 एचआयव्हीग्रस्त त्यात होते आणि त्यात जवळपास एक तृतीयांश महिला होत्या. रोज पिटाव्हास्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना 35 टक्क्यांनी कमी झाल्या. हृदयाचा धोका मोजायची नेहमीची गणितं एचआयव्ही रुग्णांमध्ये चुकतात, हेही यातून कळलं. श्रीमंत देशांतल्या महिलांचा धोका त्यांनी कमी दाखवला, तर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत जास्त.

पण स्टॅटिन मनाने घेऊ नये. रिटोनाव्हिर असलेल्या एआरटीसोबत सिम्व्हास्टॅटिन धोकादायक ठरतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या महिलांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्टॅटिनला हातच लावू नये.

लक्षात काय ठेवायचं?

- चाळिशीनंतर एआरटी केंद्रावरच बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासण्याबद्दल विचारा.
- महिलांमध्ये छातीत कळ येईलच असं नाही. धाप, मळमळ, दरदरून घाम, जबडा किंवा पाठदुखी हीसुद्धा हार्ट अटॅकची लक्षणं असू शकतात. अशा वेळी 108 वर फोन करा.
- हृदयाच्या डॉक्टरांना एआरटीच्या गोळ्यांची नावं सांगा. लोकांना कळेल या भीतीने अनेकजणी हे लपवतात. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार ही माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. शंका असेल तर 1097 ही मोफत हेल्पलाइन आहे.

विषाणू आटोक्यात आला ही अर्धी लढाई. जिना चढताना लागणारी धाप डॉक्टरांच्या कानावर घालणं, ही उरलेली अर्धी.