सार्वजनिक स्वामित्व, ग्रंथांचे

ग्रंथ, संगीतरचना, चित्रपट इ. कृतींवरील प्रताधिकाराची म्हणजे कॉपीराइटची मुदत संपल्यानंतर त्यांना प्राप्त होणारी अवस्था. अशा कृतीचे पुनर्मुद्रण, भाषांतर वा नाट्यरूपांतर कोणासही परवानगीवाचून करता येते. बहुतेक देशांत ही मुदत वर्षअखेरीस संपत असल्याने १ जानेवारी हा दिवस ग्रंथालये व स्वयंसेवी संपादक नव्याने मुक्त झालेल्या कृतींचा दिन म्हणून साजरा करतात. समारंभ बहुधा साधाच असतो : मुक्त कृतींच्या याद्या प्रसिद्ध होतात आणि आधीपासून सिद्ध करून ठेवलेल्या संगणकीय आवृत्त्या वाचकांस खुल्या केल्या जातात.

या प्रथेस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विशेष जोर आला. तेथील काँग्रेसने १९९८ मध्ये प्रताधिकाराची मुदत २० वर्षांनी वाढविली. १९२३ ते १९७७ या काळात प्रकाशित झालेल्या कृतींस ७५ ऐवजी ९५ वर्षांचे संरक्षण मिळाले. एरिक एल्ड्रेड यांनी या कायद्यास दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी फेटाळले. त्यामुळे थांबलेला ओघ १ जानेवारी २०१९ रोजी, १९२३ सालच्या कृती मुक्त झाल्यावर, पुन्हा सुरू झाला. त्याच महिन्यात सॅन फ्रॅन्सिस्को येथे इंटरनेट आर्काइव्ह या संगणकीय ग्रंथालयाने क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेच्या सहकार्याने त्यानिमित्त समारंभ केला. ‘द ग्रेट गॅट्‌स्बी’ (१९२५) ही कादंबरी २०२१ मध्ये, तर ‘स्टीमबोट विली’ (१९२८) हा मिकी माउसचा चित्रपट २०२४ मध्ये मुक्त झाला.

भारतातही असाच खंड पडला होता. त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. १९५७ च्या अधिनियमानुसार प्रताधिकार लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर ५० वर्षे टिकत असे. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये निवर्तले. त्यांचे साहित्य १९९१ अखेर मुक्त होऊन विश्वभारतीच्या हातून जाणार, या टप्प्यावर मुदत ६० वर्षांची करण्यात आली. एका लेखकाच्या निमित्ताने केलेली ही वाढ सर्व भाषांतील सर्व लेखकांस लागू झाली. परिणामी १९९२ ते २००१ या दहा वर्षांत मृत्युवर्षाच्या हिशोबाने एकही भारतीय लेखक मुक्त झाला नाही. ज्यांच्या ग्रंथांस मागणी उरली नव्हती, त्यांच्या वारसांस या वाढीतून काही लाभले नाही. पुनर्मुद्रणाची वाट तेवढी अडली. त्यापूर्वीच मुक्त झालेल्या ग्रंथांवर मात्र वाढीचा परिणाम झाला नाही. ज्ञानकोशकार श्री. व्यं. केतकर (१८८४–१९३७) यांचे लेखन म्हणूनच १९८८ पासून मुक्त आहे. पुढे महात्मा गांधींचे लेखन २००९ मध्ये, साने गुरुजींचे २०११ मध्ये, बा. सी. मर्ढेकर व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे २०१७ मध्ये आणि मामा वरेरकरांचे २०२५ मध्ये मुक्त झाले. गांधींच्या ग्रंथांसाठी मुदतवाढ मागण्याचे नवजीवन न्यासाने टाळले, ही गोष्ट उल्लेखनीय होय.

केवळ मृत्युवर्ष पाहून निर्णय करता येत नाही. मरणोत्तर प्रकाशित ग्रंथाची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये वारल्या, परंतु त्यांची गाणी १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आल्याने ती २०१३ मध्ये मुक्त झाली. डॉ. आंबेडकरांचा ‘रिडल्स इन हिंदुइझम’ हा ग्रंथ महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. त्याची मुदत २०४७ अखेर संपेल. शिवाय भाषांतरावर भाषांतरकाराचा स्वतंत्र अधिकार असतो. मूळ ग्रंथ मुक्त झाला, तरी त्याचे अलीकडील भाषांतर मुक्त होत नाही.

मुक्त ग्रंथ प्रत्यक्ष वाचकाच्या हाती पोहोचविणे हे निराळेच काम आहे. मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये प्रोजेक्ट गुटेनबर्गचा आरंभ केला; २००३ मध्ये सुरू झालेल्या विकिस्रोत या प्रकल्पाची मराठी शाखाही आहे. तेथे ग्रंथालयातील प्रतीच्या प्रतिमा घेऊन संगणकाकरवी अक्षरे ओळखविली जातात. न तपासलेले पान तांबडे, एकाने तपासलेले पिवळे आणि दुसऱ्याने पडताळलेले हिरवे अशी खूण असते. जुन्या मराठी छपाईत रफार, जोडाक्षरे व पुसट अनुस्वार यांवर यंत्र वारंवार चुकते. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीचे ‘घरांत’, ‘करणें’ यांसारखे अनुस्वार हा त्या मजकुराचाच भाग होय. ते ‘सुधारण्याचा’ मोह संपादकास आवरावा लागतो. जीर्ण कागद हाताळताच तुटत असल्याने काही ग्रंथांच्या बाबतीत मुदत संपण्यापूर्वी प्रतच नष्ट होण्याचा धोका असतो.

देशोदेशींच्या मुदती भिन्न असल्याने आणखी एक अडचण उद्‌भवते. १ जानेवारी १९९६ रोजी मूळ देशात संरक्षित असलेल्या परकीय कृतींस अमेरिकेने प्रकाशनापासून ९५ वर्षांचे संरक्षण दिले. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (१९३५) त्यामुळे भारतात २०११ पासून मुक्त असली, तरी अमेरिकेत ती २०३० अखेरपर्यंत संरक्षित राहते. विकिस्रोताचे व्यवस्थापन अमेरिकेतील संस्थेकडे असल्यामुळे मराठी संपादकांना दोन्ही देशांचा हिशोब मांडावा लागतो.