शिव्यांवर पोट भरणारा मल्ल



कुस्ती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कोल्हापूरच्या खासबागेचा हौदा उभा राहतो. लाल माती, हलगीचा कडकडाट आणि पाठ टेकली की लागणारा निकाल. ज्या कुस्तीचा निकाल आधीच ठरलेला असतो तिला आपण नुरा कुस्ती म्हणतो, आणि ती लढणाऱ्याची फडात हुर्यो होते. अमेरिकेत मात्र अशा ठरवून केलेल्या कुस्तीचा मोठा धंदा शंभरांहून अधिक वर्षे चालत आला आहे. हा धंदा पाहावयाचा तर नाटक मंडळीकडे पाहावे तसा पाहावा. त्यात एक नायक असतो आणि एक खलनायक असतो. मुंबईत दारासिंगापुढे उतरणाऱ्या अगडबंब किंगकाँगच्या गोष्टी ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील त्यांना हे अधिक फोड करून सांगावयास नको.

टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरी 1950 च्या दशकाच्या अखेरीस असा एक खलनायक होऊन गेला. त्याचे धंद्यातले नाव स्पुटनिक मन्रो. कामगार चळवळीतल्या माणसाने पहिलवानावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु विषय रोजगाराचा आणि गल्ल्याचा आहे, आणि गल्ला कोणामुळे भरतो हे मालकाला दाखवून देण्याचा आहे. ते आमच्या रोजच्या कामातलेच आहे.

प्रथम हा धंदा कसा चालत असे ते पाहू. 1948 साली काही प्रमोटर, म्हणजे कुस्त्या भरविणारे ठेकेदार, एकत्र आले आणि त्यांनी नॅशनल रेसलिंग अलायन्स नावाचा संघ काढला. हळूहळू बहुतेक सारा देश त्यांनी आपसांत वाटून घेतला. या इलाख्यात त्याने शिरावयाचे नाही, त्या इलाख्यात याने शिरावयाचे नाही. मालकांची संघटना ही अशी चटकन होते, हे जाता जाता नमूद करतो! एका ठेकेदाराशी भांडलेल्या पहिलवानाला दुसऱ्याकडेही काम मिळणे कठीण होई. अखेर 1956 मध्ये अमेरिकन सरकारच्या न्याय खात्याने मक्तेदारीबद्दल या संघाला कोर्टात ओढले आणि त्याच्याकडून लेखी हमी घेतली; तरी इलाख्यांची पद्धत पुढे पंचवीस-तीस वर्षे चालूच राहिली. पहिलवानाला ठरीव पगार नसे, निवृत्तिवेतन नसे, हातपाय मोडला तर भरपाई नसे. त्या रात्री तिकीटविक्रीतून जे जमेल त्यातून ठेकेदार देईल तो वाटा त्याने घ्यावयाचा. या जमलेल्या पैशाला तिकडे ‘गेट’ म्हणतात. आमच्याकडे गेट म्हणजे गिरणीचा दरवाजा आणि त्याच्या तोंडाशी होणारी सभा. अर्थ निराळे, पण दोन्हीकडे ताकद मोजली जाते ती तिथेच.

आता खलनायकाचे काम काय? पंचाची पाठ फिरली की ठोसा मारणे, चड्डीत लपवलेली वस्तू काढणे, गावाला आणि गावकऱ्यांना तोंडभर शिव्या देणे. हे सर्व अशासाठी की पुढल्या आठवड्यात याला चोप बसलेला पाहावयास माणसांनी पुन्हा पैसे मोजावेत. तेव्हा नायक जितका लोकप्रिय तितका गल्ला, हा समज अर्धाच खरा. गल्ला पुष्कळदा खलनायक भरतो. त्यातून हे सोंग आहे ही गोष्ट बाहेर फुटू द्यावयाची नाही, हा धंद्याचा कडक दंडक होता. नायक आणि खलनायक एका गाडीतून प्रवास करीत नसत, एका खाणावळीत जेवत नसत. लोकांचा राग मात्र सोंगाचा नसे. गाडीचे टायर फाडणे तर नित्याचे, चाकूचे वारही काहींनी खाल्ले आहेत. आपल्याकडे निळू फुले यांना खेड्यांतून आयाबाया तोंडावर शिव्याशाप देत. तो माणूस वस्तुतः सेवा दलाचा निष्ठावंत कार्यकर्ता, हे त्या बायांना कोठून ठाऊक असणार? परंतु फुल्यांना तो शिव्याशाप म्हणजे अभिनयाची पावती वाटे. इकडे पहिलवानाला ती पोटाची भाकर होती, आणि एखाद्या गावाचा राग शमला की बिऱ्हाड उचलून दुसरा इलाखा गाठावा लागे.

मन्रोचा जन्म 1928 सालचा, कॅन्सस राज्यातल्या डॉज सिटीचा. तो जन्मण्यापूर्वीच बाप विमान अपघातात गेलेला. कुस्ती तो जत्रांतून शिकला. तिकडच्या जत्रांत पहिलवान राहुटीपुढे उभा राहून गर्दीला आव्हान देई, आणि गर्दीतला एखादा गडी पैजेपोटी अंगावर येई. गर्दीला डिवचावे कसे, किती डिवचावे आणि कोठे थांबावे, याचे शिक्षण अशा शाळेतच मिळते. अंगाने धिप्पाड, काळ्या केसांत मध्येच पांढरा पट्टा रंगविलेला, आणि आपल्या रूपाची फुशारकी अखंड तोंडात.

त्याचे नाव कसे पडले ते पाहण्यासारखे आहे. 4 ऑक्टोबर 1957 रोजी रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि अमेरिकेत ‘स्पुटनिक’ या शब्दाचा धसका बसला. त्याच सुमारास मन्रो मोटारीने अलाबामातल्या मोबील गावी कुस्तीसाठी चालला होता. थकवा आला म्हणून त्याने वाटेत एका निग्रो तरुणाला गाडीत घेतले आणि चाक त्याच्या हाती दिले. (निग्रो हा त्या काळचा शब्द, पुढे मी कृष्णवर्णीयच म्हणेन.) मुक्कामी पोचल्यावर त्या तरुणाच्या खांद्यावर हात टाकून हा आत शिरला. तेव्हा एक गोरी म्हातारी संतापून शिव्यांची लाखोली वाहू लागली. शिव्या बंद कर असे तिला दटावल्यावर तिला सुचलेला सर्वांत जहाल शब्द होता स्पुटनिक! मन्रो स्वतः ही हकीकत अशीच सांगे. धंद्यात मुरलेला माणूस. शिवी उचलून त्याने तिची पाटीच करून लावली.

मग तो मेम्फिसला आला. मिसिसिपी नदीकाठचे हे कापसाच्या बाजारपेठेचे शहर. वस्तीत एक-तृतीयांशाहून अधिक लोक कृष्णवर्णीय, आणि त्यांना सर्व काही निराळे. शाळा निराळ्या, नळ निराळे. शहराच्या प्राणिसंग्रहालयात त्यांनी फक्त गुरुवारी जावयाचे. अस्पृश्यतेचा इतिहास ज्या देशात घडला तेथल्या श्रोत्यांना याचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही. कुस्त्या सोमवारी रात्री एलिस ऑडिटोरियम या सभागृहात होत. तेथेही खालच्या खुर्च्या गोऱ्यांच्या, आणि कृष्णवर्णीयांसाठी वरच्या सज्जातली थोडी जागा. ती भरली की उरलेल्यांनी परत जावे, मग खाली खुर्च्या रिकाम्या का असेनात.

मन्रो बील स्ट्रीटवर जाऊ लागला. ब्लूज संगीतासाठी गाजलेला हा रस्ता कृष्णवर्णीयांच्या दुकानांचा आणि गुत्त्यांचा. जांभळा झगा घालावा, हातात झगमगती काठी घ्यावी, त्यांच्या मेजावर बसून प्यावे, आणि निघताना कुस्तीची तिकिटे वाटावीत, असा त्याचा क्रम. पोलिसांनी त्याला पकडले. गुन्हा काय, तर नीट सांगता न येणारा, भटकेगिरीच्या जातीचा. गोऱ्याने कृष्णवर्णीयांबरोबर बसू नये असे कलम लावता येईना, म्हणून हे. मन्रोने वकील दिला तो रसेल शुगरमन, कृष्णवर्णीय. गोऱ्या आरोपीने असा वकील उभा करावा हाच त्या कोर्टात एक गौप्यस्फोट होता. थोडका दंड भरून मन्रो पुन्हा बील स्ट्रीटवर हजर.

परिणाम असा झाला की सोमवारी सज्जा तुडुंब भरू लागला. आणि येथे नाटक उलटे झाले. एकाच सभागृहात खाली गोरे लोक ज्याच्या नावाने ओरडत, त्याच्याच नावाने वर जयघोष होई. गोऱ्यांच्या प्रतिष्ठेला जो जुमानीत नाही तो खालच्यांचा खलनायक आणि वरच्यांचा नायक. मन्रो रिंगणात आला की सज्जाकडे पाहून हात उंचावी, असे सांगतात.

मोडता सज्जाच्या मोजणीत होता. वर किती माणसे गेली हे मोजणारा एक माणूस दारात असे. त्याला चार पैसे चारून आपण आकडा कमी सांगावयास लावला आणि सज्जात माणूस मावेनासा होईपर्यंत गर्दी होऊ दिली, असे मन्रो पुढे सांगे. दुसरी हकीकत अधिक सरळ आहे. त्याने व्यवस्थापकांना बजावले की माझ्या प्रेक्षकांना वाटेल त्या खुर्चीवर बसू द्या, नाहीतर मी रिंगणात उतरत नाही. दोन्ही खऱ्या असतील, कारण पहिल्या उपायाने मागणी डोळ्यांना दिसली आणि दुसऱ्याने ती पदरात पडली. आमच्या भाषेत बोलावयाचे तर आधी संख्या दाखविली, मग नोटीस दिली. ठेकेदारांपुढे एका बाजूला रीत होती, दुसऱ्या बाजूला दारातून परत जाणारे पैसे होते. त्यांनी पैसे घेतले. एलिसच्या खुर्च्या सर्वांना खुल्या झाल्या, आणि तेही 1964 चा नागरी हक्कांचा कायदा होण्यापूर्वी.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. याला समाजसुधारक म्हणावयाचे काय? त्याने तिकिटे वाटली ती आपला वाटा वाढावा म्हणूनही वाटली. मी तर म्हणेन, हेतूची फार चिकित्सा करू नये. पण श्रेयाची जरूर करावी. रिकाम्या खिशाच्या मागणीला ठेकेदाराने भीक घातली नसती. तो दबाव, आठवडाभर राबून दर सोमवारी पैसे मोजणाऱ्या त्या शेकडो कृष्णवर्णीय माणसांचा होता. मन्रोला तो ओळखता आला आणि त्याने स्वतःचे काम पणाला लावले, एवढे त्याचे. शिवाय शहरातली बाकीची दारे अशी उघडली नाहीत. ग्रंथालयांसाठी 1960 मध्ये विद्यार्थ्यांना आत जाऊन बसावे लागले आणि अटक करून घ्यावी लागली.

ऑगस्ट 1959 हा त्याच्या भरभराटीचा महिना. 17 तारखेला रसवुड पार्क या बेसबॉलच्या मैदानावर त्याची बिली विक्सशी लढत झाली. विक्स हा गावाचा लाडका, सरळमार्गी नायक. पंच म्हणून आला होता रॉकी मार्सियानो, मुष्टियुद्धाचा अजिंक्य राहून निवृत्त झालेला जगज्जेता. तेरा हजारांवर लोक जमले. त्याच आठवड्यात, 20 तारखेला, नगराच्या निवडणुकीत सार्वजनिक बांधकाम खात्याच्या आयुक्तपदासाठी एक कृष्णवर्णीय उमेदवार उभा होता आणि पडला. तो उमेदवार म्हणजे मन्रोचा वकील रसेल शुगरमन. मेम्फिसचे सफाई कामगार याच खात्याखाली येत. 1 फेब्रुवारी 1968 रोजी दोन कामगार कचरागाडीच्या दाबयंत्रात चिरडून मेले, 12 तारखेला सुमारे 1,300 जण संपावर गेले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांचा 4 एप्रिलला त्याच शहरात खून झाला. सभागृहातली खुर्ची मिळून आठ-नऊ वर्षे झाली होती. युनियनची मान्यता मिळावयास तेवढे रक्त सांडावे लागले.

मन्रो पुढे इतर इलाख्यांत हिंडला. 1970 च्या दशकाच्या आरंभी त्याने नॉर्वेल ऑस्टिन या कृष्णवर्णीय तरुण मल्लाशी जोडी जमविली. ऑस्टिननेही केसांत तसाच पांढरा पट्टा रंगविला. गोरा आणि काळा यांनी एका बाजूने लढावे ही दक्षिणेत तेव्हाही राग आणणारी गोष्ट होती, आणि रागच तर विकावयाचा होता. 3 नोव्हेंबर 2006 रोजी मन्रो वारला. बील स्ट्रीटच्या शेजारी आज संगीताचे एक संग्रहालय आहे, त्यात गायकांच्या वस्तूंबरोबर या पहिलवानाची आठवणही जपून ठेवली आहे.

ज्या धंद्यात त्याने हे केले त्या धंद्यातल्या माणसांना स्वतःसाठी मात्र एवढेही जमले नाही. 1986 साली जेसी व्हेंचुरा याने, तोही खलनायकच, सहकाऱ्यांपुढे युनियन काढण्याची गोष्ट काढली. बातमी मालकाकडे गेली. ती कोणी पोचविली, हे पुढे व्हेंचुराने आपल्या मानधनासाठी लावलेल्या दाव्यात मालकाच्याच जबानीतून बाहेर आले. तो होता हल्क होगन, त्या धंद्यातला सर्वांत मोठा नायक. व्हेंचुरा दावा जिंकला, 1999 मध्ये मिनेसोटा राज्याचा गव्हर्नर झाला. पहिलवानांची युनियन अद्याप झालेली नाही.