कल्चर मोती खोटे नसतात

‘कल्चर मोती म्हणजे शेवटी खोटेच’ हे वाक्य सराफाच्या पेढीपासून लग्नघरापर्यंत सतत ऐकू येते, आणि ते साफ चूक आहे. खोटा मोती म्हणजे काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या मण्यावर दिलेला चमकदार लेप. कल्चर मोती जिवंत शिंपल्यात वाढतो. माणूस फक्त सुरुवात करून देतो. शिंपल्याच्या कवचापासून घडवलेला गोल मणी आणि दुसऱ्या शिंपल्याच्या मांसल आवरणाचा इवलासा तुकडा तो आत ठेवतो. त्या तुकड्यातल्या पेशी मण्याभोवती पिशवी तयार करतात आणि त्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे झळाळते थर चढवत राहतात. नैसर्गिक मोत्याचे थरही अशाच पेशी याच द्रव्यातून घडवतात. कलमाच्या झाडाचा हापूस आपण नकली मानत नाही. मग मोत्यालाच वेगळा न्याय का?

या गैरसमजामागे व्यापारातले जुने भांडण आहे. जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये अर्धगोल मोती पिकवले. पुढे तात्सुहेई मिसे आणि तोकिची निशिकावा यांच्या पद्धतीमुळे पूर्ण गोल मोतीही मिळू लागले. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला हे मोती लंडन-पॅरिसला पोहोचले, तेव्हा नैसर्गिक मोत्यांचे व्यापारी हादरले आणि फसवणुकीचा आरोप करू लागले. पॅरिसमध्ये प्रकरण न्यायालयात गेले. १९२४ मध्ये निकाल कल्चर मोत्यांच्या बाजूने लागला. निकालाला शंभर वर्षे उलटली, तरी आरोप मात्र तोंडोतोंडी टिकून राहिला.

व्यापाऱ्यांची भीती अनाठायी नव्हती. १९१७ मध्ये कार्तिये या जवाहिऱ्यांच्या पेढीने न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरची हवेली मिळवली ती दुपदरी नैसर्गिक मोत्यांची माळ आणि १०० डॉलर देऊन. माळेची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर धरली होती. १९५७ च्या लिलावात त्याच माळेला सुमारे दीड लाख डॉलर मिळाले. जागतिक मंदी आणि कल्चर मोत्यांचा पुरवठा, दोन्हींनी हा बाजार मोडला. आखाती मोत्यांची मोठी पेठ असलेल्या मुंबईलाही त्याची झळ बसली. दुसऱ्या बाजूला, जी माळ केवळ राजघराण्यांना आणि अतिश्रीमंतांना परवडत होती, ती मध्यमवर्गीय स्त्रीच्या गळ्यात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधले अमेरिकी सैनिक अकोया जातीच्या शिंपल्यांतल्या कल्चर मोत्यांचे सर घरी नेऊ लागले आणि १९५० च्या दशकात एकपदरी माळ ही नीटनेटक्या पोशाखाची खूण बनली. १९५४ मध्ये मर्लिन मन्रोला मधुचंद्राच्या वेळी जपानमध्ये भेट मिळाली तीही मिकिमोतोची माळच.

यावर एक आक्षेप येतो: मग नैसर्गिक मोती इतके महाग का? कारण ते दुर्मीळ आहेत. किमतीवरून अस्सलपणा ठरत नाही. जॅकलिन केनेडींची तिपदरी माळ काचेच्या मण्यांची होती, तरी १९९६ च्या लिलावात ती दोन लाख डॉलरच्या वर गेली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आत मणी आहे, वर फक्त पातळ थर. काही मोत्यांबाबत हे खरे आहे. शिंपले लवकर काढले की थर पातळ राहतो आणि कालांतराने भोकाशी सोलवटतो. पण ही प्रतवारीची बाब झाली. म्हणूनच जुना सर घेताना भिंगाखाली भोकाची कड तपासावी.

बाकीचे समज थोडक्यात. मोती वाळूच्या कणाभोवती तयार होतो असे नाही. बहुतेकदा परजीवी किंवा इजा कारणीभूत असते. स्वातीच्या थेंबाचा त्याच्याशी संबंध नाही. दातांवर घासून खरबरीतपणा जाणवला तर मोती खोटा नाही एवढेच साधारण कळते. नैसर्गिक की कल्चर, हे ठरवायला क्ष-किरण तपासणी लागते. आणि वापरल्याने मोती खराब होत नाहीत. अत्तर, स्प्रे आणि घाम त्यांच्यावर राहू दिल्याने होतात. वापरानंतर मऊ कापडाने पुसणे पुरेसे आहे.

जुन्या कल्चर माळेला खोटी म्हणून कमी लेखणे ही म्हणूनच दुहेरी चूक आहे. त्यात शिंपल्याने घडवलेले खरे मोती नाकारले जातात आणि मोत्यांवरची मूठभरांची मक्तेदारी मोडणारा फॅशनच्या इतिहासातला मोठा बदलही नाकारला जातो.